नाव एकाचे, मशीन दुसऱ्याचे

नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेने १९५७च्या पिढीतले एक ओमेगा स्पीडमास्टर विक्रीला काढले. तबकडी मुळात काळी, पण वर्षानुवर्षांत विटून तपकिरी झालेली. जाणकार अशा तबकडीला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. प्रत्यक्षात घड्याळ ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकना गेले आणि ते घेतले खुद्द ओमेगा कंपनीने, आपल्या संग्रहालयासाठी. जून २०२३मध्ये कंपनीनेच जाहीर केले, की हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले आहे. या व्यवहारात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचा आरोपही तिने केला.

अशा जुळवलेल्या घड्याळाला संग्राहकांच्या जगात ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. त्यातला भाग न् भाग अस्सल असू शकतो आणि तरीही अख्खे घड्याळ खोटे ठरते. उलट टोकाला असाही छंदिष्ट भेटतो, ज्याच्या मनगटावरच्या घड्याळावर कुठल्याच मोठ्या कंपनीचे नाव नाही, आतले मशीन मलेशियात जुळलेले, काच एका देशातून आणि काटे दुसऱ्या देशातून आलेले, आणि तरी त्या घड्याळात फसवणुकीचा लवलेश नाही. नकली घड्याळे जमवणे, उघडणे, दुरुस्त करणे आणि बदलणे हा छंद या दोन टोकांच्या मध्ये पसरलेला आहे. त्याला सरसकट चोरी म्हणणारे आणि सरसकट कला म्हणणारे, दोघेही त्याच्याकडे पुरते पाहत नाहीत.

आधी शब्द नीट करून घेतले पाहिजेत, कारण बाजारात ते मुद्दाम घोटाळून वापरले जातात. ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए’ ही मुंबईच्या दुकानदारीतली नावे. त्यांचा सरळ अर्थ बनावट एवढाच: दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह परवानगीशिवाय छापलेले घड्याळ. ‘होमाज’ म्हणजे आकार आणि घाट प्रसिद्ध घड्याळाचा, पण तबकडीवर नाव स्वतःचे. अमेरिकेतल्या इन्व्हिक्टाचे प्रो डायव्हर, जर्मनीतल्या श्टाइनहार्टचे ओशन किंवा चीनच्या सान मार्टिन आणि पगानी डिझाइनची घड्याळे या वर्गातली. ‘मॉड’ म्हणजे अस्सल घड्याळाचे भाग मालकाने आपल्या आवडीने बदललेले. आणि ‘रिडायल’ म्हणजे जुन्या घड्याळाची खराब झालेली तबकडी पुन्हा रंगवून छापलेली. कायद्याच्या दृष्टीने या चारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कामाच्या टेबलावर मात्र चौघांना लागणारा चिमटा, भिंग आणि स्क्रूड्रायव्हर एकच.

नकलेचा इतिहास घड्याळाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे याची घड्याळे अठराव्या शतकाच्या अखेरीला इतकी नकलली जात होती, की १७९५च्या सुमारास त्याने तबकडीवर एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. उजेड तिरपा पडला तरच ती दिसे. त्याच काळात युरोपच्या बाजारात ‘टार्ट्स, लंडन’ अशी नावे मिरवणारी खिशातली घड्याळे फिरत होती. लंडनशी त्यांचा संबंध नावापुरता. त्यांतली बरीचशी स्वित्झर्लंडच्या परिसरात बनत. आज त्यांना ‘डच फोर्जरी’ म्हणतात आणि तीही आता संग्राह्य वस्तू झाली आहेत. शंभर वर्षांनी चक्र आणखी फिरले. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकन कारखान्यांचे काम पाहून लाँजिन या स्विस कंपनीचा अभियंता जाक दाव्हिद हादरला, आणि यंत्राने घड्याळे बनवा नाहीतर संपाल असा अहवाल घेऊन मायदेशी परतला. स्विस उद्योगाने ते तंत्र तर घेतलेच, शिवाय त्या काळात अमेरिकन नावांची आणि घाटाची नक्कल करणारी स्वस्त स्विस घड्याळेही अमेरिकेत खपली. आज बनावटीविरुद्ध सर्वांत मोठा लढा देणारा देश एके काळी स्वतः नकलेवर शिकला होता, ही गोष्ट त्या लढ्याचे समर्थन कमी करत नाही. पण कारागिरी देशोदेशी कशी पसरते हे तिच्यातून कळते.

चीनची कथाही निव्वळ चोरीची नाही. तिथले पहिले मनगटी घड्याळ १९५५मध्ये तिआनजिनमध्ये हाताने घडवले गेले. १९६१च्या सुमारास तिआनजिनच्या कारखान्याने स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीकडून १७५ या क्रोनोग्राफ मशीनची, म्हणजे थांबघड्याळाचीही सोय असलेल्या मशीनची, यंत्रसामग्री रीतसर विकत घेतली. वैमानिकांसाठी बनलेले त्याचे नमुने १९६३मध्ये तयार झाले. त्याच मशीनचा वंशज, सीगल एसटी-१९, आजही जगभरच्या स्वस्त यांत्रिक क्रोनोग्राफांत धावतो. पुढे सरकारने देशभरच्या कारखान्यांसाठी एकच प्रमाणित मशीन ठरवले, ‘तोंगजी’. लाखो चिनी हातांना चाके, दाते आणि रत्ने बसवण्याचा सराव या धोरणाने दिला. ग्वांगझू आणि शेन्झेनच्या आसपास आज जो बनावट मालाचा धंदा आहे, त्याच्याखाली हे जुने कौशल्य आहे.

सगळ्या प्रकरणाचे मर्म मशीनमध्ये आहे. तबकडीवरचे नाव हे नोंदणीकृत चिन्ह असते. ते वापरत राहिले तर त्यावरचा हक्क संपत नाही. मशीनच्या रचनेवरचे पेटंट मात्र ठरावीक वर्षांनी संपते आणि ती रचना सगळ्यांची होते. ईटीए कंपनीचे २८२४ हे त्याचे ठळक उदाहरण: व्यास २५.६ मिलिमीटर, जाडी ४.६, तासाला २८,८०० ठोके. काही दशके असंख्य स्विस घड्याळांच्या पोटात हेच मशीन होते. ईटीए ज्या स्वॉच समूहाची, त्याने २००२मध्ये बाहेरच्या कंपन्यांना अर्धवट जुळवलेली मशीने देणे हळूहळू बंद करण्याचे ठरवले. मग स्वित्झर्लंडच्याच सेलिटाने तीच रचना एसडब्ल्यू-२०० या नावाने बाजारात आणली, आणि चीनमध्ये सीगल, हांगझू वगैरेंनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. सेलिटाचे मशीन आणि चिनी क्लोन, दोन्ही कायदेशीर. तोच क्लोन ज्या क्षणी ‘रोलेक्स’ छापलेल्या तबकडीखाली बसतो, त्या क्षणी गुन्हा घडतो.

पानेराईचे उदाहरण याहून बोलके आहे. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी उपकरणे बनवणाऱ्या या कंपनीने १९९३मध्ये नागरी बाजारात घड्याळे आणली आणि १९९७मध्ये ती आज रिशमाँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समूहाकडे गेली. तिच्या अनेक घड्याळांत युनिटास ६४९७ या मशीनवर आधारलेले मशीन होते. हे मुळात खिशातल्या घड्याळाचे, ३६.६ मिलिमीटर व्यासाचे, १७ ज्वेलचे, चावी द्यायचे मशीन. त्याची चिनी प्रत सीगल एसटी-३६ या नावाने उघड विकली जाते, आणि जगभरच्या घड्याळदुरुस्तीच्या अभ्यासवर्गांत नवशिक्यांच्या हाती पहिल्यांदा हीच रचना पडते, कारण तिचे भाग मोठे आहेत आणि चुका सहन करतात. साहजिकच पानेराईच्या नकलेचा छंद फार लवकर वाढला. पेटी, तबकडी आणि मशीन सुटे मिळत, आणि रविवारच्या एका दुपारी टेबलावर घड्याळ उभे राही.

रोलेक्सच्या नकलेत काम अवघड होते, आणि खरे तर त्या अडचणींमुळेच माणसे छंदात ओढली गेली. १९८८मध्ये आलेले रोलेक्सचे ३१३५ हे मशीन २८.५ मिलिमीटर व्यासाचे आणि ६ मिलिमीटर जाड. त्याच पेटीत ईटीएच्या घाटाचे छोटे मशीन बसवले की तारखेची चकती लहान पडते आणि आकडा खिडकीत मध्याकडे सरकलेला दिसतो. मग नकलणारे मूळ चकतीवर छापील कडी चिकटवतात. ती किंचित वाकडी बसली की महिन्यातल्या काही तारखा खिडकीच्या काठाला घासतात. तारखेवरचे भिंग रोलेक्सच्या घड्याळात आकडा सुमारे अडीचपट मोठा दाखवते; स्वस्त नकलेत तो तेवढा फुगत नाही. बेझलवरची, म्हणजे काचेभोवतीच्या बाहेरच्या कड्यावरची, चकती नकलेत दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर बसवलेली असते. छंदिष्ट यांतली एकेक गोष्ट सोडवतो: भिंग बदलतो, बेझलची चकती काढून नीट बसवतो, तारखेची कडी पुन्हा छापून घेतो.

क्रोनोग्राफांत दुखणे अधिक खोल असते. १९७४मध्ये आलेल्या व्हाल्जू ७७५० या मशीनच्या छोट्या तबकड्या १२, ६ आणि ९ या अंकांपाशी येतात, तर रोलेक्स डेटोनाच्या ३, ६ आणि ९पाशी. नक्कल खरी दिसावी म्हणून ७७५०च्या चिनी प्रतीवर जादा चाके चढवून सेकंदकाटा दुसरीकडे नेला जातो. प्रत्येक जादा चाकासोबत घर्षण वाढते, बॅलन्सचा, म्हणजे ठोके ठरवणाऱ्या चाकाचा, झोका खुंटतो आणि दाते झिजतात. दिसण्यासाठी यंत्राचा बळी देण्याचा हा प्रकार दुरुस्ती करणाऱ्यांना मनापासून खुपतो, आणि खुपायलाच हवा.

बनावट घड्याळे पुष्कळदा कोरडी जुळवलेली येतात. जिथे तेल हवे तिथे ते नसते आणि नको तिथे ओघळलेले असते. म्हणून घरी येताच मशीन सोडवणे, धुणे आणि तेल देणे ओघाने येते. छंदिष्ट इथे खरा शिकतो. जलद फिरणाऱ्या चाकांच्या टोकांना मोबियस कंपनीचे पातळ ९०१० तेल, सावकाश आणि जोराने फिरणाऱ्यांना त्याहून दाट तेल, पॅलेटच्या रत्नांना ९४१५ हे खास ग्रीस. आणि पॅलेटच्या आसांना मात्र तेलाचा थेंबही नाही. टाइमग्राफर नावाची छोटी पेटी घड्याळाची टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाते, बॅलन्स किती अंश झोके घेतो आणि दोन ठोक्यांत समतोल आहे का, हे पडद्यावर दाखवते. झोका २७०-३०० अंशांच्या आसपास असला की घड्याळ तब्येतीत आहे असे समजावे. पूर्वी फक्त कार्यशाळेत असणारे हे यंत्र स्वस्त चिनी रूपात आले, आणि घरच्या टेबलावर घड्याळाची नाडी तपासणे शक्य झाले. छंदाच्या वाढीला यापेक्षा मोठे कारण क्वचितच सापडेल.

याच छंदाची एक शाखा मात्र धोक्याची आहे: नव्याला जुने करणे. बेझलची ॲल्युमिनियमची चकती ब्लीचमध्ये बुडवून तिचा काळा रंग राखाडी केला जातो, तबकडीवरचे चमकणारे ठिपके कॉफीने पिवळे केले जातात, पेटीच्या कडा घासून बोथट केल्या जातात. हात तयार असेल तर हे काम चित्रकाराच्या तोडीचे होते. पण जुनेपणाची नक्कल नावाच्या नकलेपेक्षा ओळखायला कठीण असते, आणि ती घड्याळाच्या मालकाबरोबर संपत नाही; वारसाकडे जाते, लिलावात जाते. जिनिव्हातल्या त्या स्पीडमास्टरची किंमतही त्याच्या विटलेल्या तपकिरी रंगावर चढली होती.

खरोखर जुन्या तबकड्यांशी खेळणाऱ्यांनी दुसराही एक धोका ध्यानात ठेवायला हवा. विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा दशकांत अंधारात चमकणारे अंक बहुधा रेडियमच्या रंगाने भरले जात. रंगाची चमक कधीच विझली असली तरी रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. ते ठिपके सुईने खरवडले की किरणोत्सारी धूळ श्वासात जाते. अमेरिकेत याच रंगाने तबकड्या भरणाऱ्या, ब्रशाचे टोक ओठांनी नीट करणाऱ्या तरुणींना जबड्याच्या आणि हाडांच्या व्याधींनी मरण आले. नंतर आलेल्या ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणून ते तुलनेने सौम्य. घरच्या टेबलावर रेडियमची तबकडी उघडू नये, हा नियम कुणीही मोडू नये.

गेल्या दोन दशकांत छंदाचा मोठा प्रवाह बनावटीकडून मॉडकडे वळला आहे, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने एका जपानी घड्याळाला आहे. सेईको एसकेएक्स-००७ हे १९९६मध्ये आले. २०० मीटर खोलीसाठी बनलेले पाणबुड्याचे घड्याळ, चावी नेहमीच्या जागेपेक्षा खाली, चारच्या आसपास, म्हणजे मनगटाला टोचत नाही. आतले ७एस२६ मशीन चिवट, पण त्याला हाताने चावी देता येत नसे आणि सेकंदकाटा थांबवता येत नसे. किंमत आटोक्यात असल्यामुळे ते लोकांनी निर्धास्तपणे उघडले. सफायरची काच, नवे काटे, वेगळी चकती, शिवाय ७एस२६च्या जागी जवळजवळ तसेच्या तसे बसणारे सेईकोचेच एनएच-३५ मशीन, ज्यात चावीही देता येते आणि काटाही थांबतो. एकेका भागासाठी स्वतंत्र छोटे उत्पादक उभे राहिले. २०१९मध्ये सेईकोने हे घड्याळ थांबवले, तोवर त्याच्याभोवती सुट्या भागांचे अख्खे जग तयार झाले होते, आणि ते एसकेएक्सशिवायही चालू राहिले. आता पेटीपासून काट्यांपर्यंत सगळे सुटे घेऊन एनएच-३५भोवती कुणाचेही नाव नसलेले घड्याळ घडवता येते. बनावट घड्याळ उघडून जे शिकायला मिळते ते सगळे इथे शिकता येते, शिवाय लपवण्यासारखे काही उरत नाही. ज्याला हाताचा आनंद हवा आहे त्याने बनावटीच्या वाटेला जावे, असे एकही कारण आज शिल्लक नाही.

मुंबईचे नाव या जगात एका वेगळ्याच कारणाने घेतले जाते. जुन्या स्विस घड्याळांचे परदेशी ग्राहक एका विशिष्ट मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: भडक निळी, केशरी किंवा हिरवी तबकडी, जाडसर छापलेली अक्षरे, चकाकेपर्यंत पॉलिश केलेली पेटी, आणि वर एनिकार, कॅमी, हेन्री सँडोझ, फाव्र-लुबा किंवा एचएमटी असे नाव. नाव हेटाळणीने दिलेले आहे. त्यामागचा इतिहास मात्र हेटाळणी करण्याजोगा नाही.

फाव्र-लुबा १८६५पासून मुंबईत व्यवसाय करत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीची ‘सोवार’ घड्याळे ब्रिटिश काळात फौजेपासून रेल्वेपर्यंत पोचली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली, आणि १९६१मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळे बनवायला घेतली. ‘जनता’ हे १७ ज्वेलचे, चावी द्यायचे घड्याळ असंख्य घरांत लग्नात, बढतीला, मॅट्रिकच्या निकालाला आले. त्यातले ०२३१ हे मशीन सिटिझनच्या रचनेवर बेतलेले, सोपे आणि दीर्घायुषी. १९८०च्या दशकात टायटनची सेलवर चालणारी घड्याळे आली आणि चावीची घड्याळे कपाटात गेली. २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.

मागे उरली ती लाखो घड्याळे. मशीन ठीक, पण पावसाळ्यांनी तबकडी खाल्लेली. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत तबकडीवरचा लाखेचा थर फुगतो, सोलतो, त्याखालचा धातू हिरवा पडतो. मूळ सुट्या तबकड्या मिळत नाहीत. मग घड्याळजी तबकडी रंगवणाऱ्याकडे देतो: जुना थर काढायचा, रंगाचा फवारा द्यायचा, आणि कोरलेल्या पट्टीवरची शाई मऊ सिलिकॉनच्या गोळ्याने उचलून अक्षरे छापायची. मूळ गिऱ्हाइकाला त्यात खोट वाटायचे कारण नव्हते. वडिलांचे घड्याळ पुन्हा नवे दिसले, त्याला तेवढेच हवे होते. लग्नातली भांडी कल्हई करून वापरणाऱ्या समाजात तबकडीला पुन्हा रंग देणे ही डागडुजीच होती.

गैरव्यवहार सुरू झाला तो हीच घड्याळे ‘अस्सल जुने, न वापरलेले’ म्हणून दूरदेशी विकली जाऊ लागली तेव्हा. कधी साध्या कॅमीच्या पेटीवर दुर्मीळ एनिकारची तबकडी चढली, तर कधी कंपनीने कधीच न काढलेला रंग ‘दुर्मीळ’ म्हणून खपला. तबकडीच्या तळाशी मूळ घड्याळावर असलेले ‘स्विस मेड’ गायब असणे, अक्षरांचा घाट चुकलेला असणे, काटे तबकडीच्या मानाने आखूड किंवा लांब असणे या खुणांवरून सरावलेला डोळा ते ओळखतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा बुधवार-रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात घड्याळ हातात घेणाऱ्याने आधी झाकण उघडून मशीन पाहायला मागावे. मशीनला गंज नसेल, बॅलन्स मोकळा फिरत असेल आणि विकणारा ‘तबकडी रंगवलेली आहे’ असे स्वतःहून सांगत असेल, तर ते रिडायल केलेले एचएमटी उत्तम घड्याळ आहे. शिकण्यासाठी तर त्याहून चांगले मिळणार नाही. ०२३१ची रचना सरळ आहे आणि भंगारात निघालेल्या दुसऱ्या एचएमटीतून सुटा भाग हमखास सापडतो.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो, हे देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये बनावट वस्तू नुसती जवळ बाळगणेही गुन्हा आहे. कमाल शिक्षा तीन वर्षे कैद आणि तीन लाख युरो दंड. इटलीत रस्त्यावरच्या ग्राहकालाही ७,००० युरोपर्यंत दंड होतो. स्वित्झर्लंडमध्ये १ जुलै २००८पासून प्रवाशाने स्वतःसाठी आणलेले एखादे बनावट घड्याळही सीमेवर जप्त करता येते. भारतात ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ प्रमाणे खोटे चिन्ह वापरणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. इथे रोख विकणाऱ्यावर आहे. पण म्हणून टेबलावरच्या छंदिष्टाने निर्धास्त राहू नये: दुरुस्त केलेले बनावट घड्याळ हौसेहौसेने मित्राला विकले, तरी तो विक्रेताच होतो.

मॉडच्या बाबतीत अलीकडे दोन निकाल मोलाचे आले. अमेरिकेत कोलोरॅडोतली व्हॉर्टिक ही छोटी कंपनी शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन खिशातली घड्याळे नव्या पेटीत बसवून मनगटी घड्याळे करते. एका घड्याळात जुने हॅमिल्टनचे मशीन होते आणि मूळ तबकडीवरचे ‘हॅमिल्टन’ हे नाव तसेच होते. आज स्वॉच समूहाच्या मालकीच्या हॅमिल्टनने दावा लावला. २०२०मध्ये खालच्या न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२१मध्ये अपील न्यायालयाने व्हॉर्टिकच्या बाजूने निकाल दिला. जुने मशीन नव्याने बसवले आहे हे कंपनीने जाहिरातीत आणि घड्याळावरही स्पष्ट केले होते, त्यामुळे ग्राहक गोंधळण्याचा पुरावा न्यायालयाला दिसला नाही. दुसरा निकाल स्विस सर्वोच्च न्यायालयाचा, जानेवारी २०२४मधला. जिनिव्हातली एक कार्यशाळा ग्राहकांनी आणून दिलेली रोलेक्स घड्याळे त्यांच्या सांगण्यावरून बदलून देत असे. मालकाच्या खासगी वापरासाठी त्याचेच घड्याळ बदलून देणे वैध आहे. पण चिन्ह कायम ठेवून बदललेली घड्याळे आपणच बाजारात विकायला ठेवणे म्हणजे चिन्हाचे उल्लंघन, अशी रेषा न्यायालयाने आखली.

ही रेषा योग्य आहे. भारतीय कायद्याच्या तिसाव्या कलमातही तिचे बीज आहे: एकदा विकलेल्या मालाच्या पुनर्विक्रीला चिन्हाचा मालक सहसा अडवू शकत नाही, पण माल बदलला किंवा बिघडवला असेल तर अडवू शकतो.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१५च्या अखेरीला स्वॉच समूहाने घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणे बंद केले, आणि रोलेक्सचे भाग स्वतंत्र घड्याळजीला सहज मिळत नाहीत. अस्सल घड्याळाचा मालकही मग गल्लीतल्या हुशार कारागिराकडे गेला, की त्याला पर्यायी किंवा क्लोनचा भाग घ्यावा लागतो. एका बाजूने नकलेविरुद्ध मोहीम चालवायची आणि दुसऱ्या बाजूने दुरुस्तीचा राजमार्ग बंद करायचा, याचा परिणाम एकच होतो: क्लोन भागांची बाजारपेठ वाढते. सुटे भाग खुले केले तर बनावटीचा धंदा संपणार नाही, पण त्याच्याकडे नाइलाजाने जाणारा प्रामाणिक घड्याळजी परत येईल.

आणि घड्याळजी कमी होत चालले आहेत. गावोगावी बाजारपेठेत काचेच्या छोट्या खोक्यामागे डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस आता बहुधा सेल आणि पट्टे बदलतो. बॅलन्सचा आस बदलता येणारे हात मोजके उरले आहेत. त्यामुळे हौशी माणसांनी घरी शिकलेले हे काम निव्वळ करमणूक राहिलेले नाही. आजोबांचे ‘जनता’ धुऊन, तेल देऊन पुन्हा चालते करणारी मुलगी एका विझत चाललेल्या कौशल्याला जागते ठेवते आहे. तिने ते कौशल्य चिनी एसटी-३६ उघडून कमावले असेल, तर त्यात गैर काहीच नाही.

जुन्या घड्याळांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खुणा असतात. घड्याळजींनी सर्व्हिसिंग केले की सुईच्या टोकाने कोरलेले आकडे, आद्याक्षरे, कधी तारीख. प्रत्येकाची लिपी आणि पद्धत वेगळी. ओमेगाच्या दप्तरात जे सापडत नाही ते अशा झाकणावर सापडू शकते: घड्याळ किती हातांतून गेले, कुणी केव्हा उघडले. काही मॉड करणारे आता हाच रिवाज पुढे नेतात. ते आपल्या सहीबरोबर काय काय बदलले तेही कोरतात: तबकडी नवी, काटे नवे, मशीन एनएच-३५, वर्ष. झाकण बसल्यावर हे बाहेरून कुणाला दिसत नाही. पुढच्या वेळी ते उघडणारा मात्र आधी तेच वाचेल आणि मगच चिमटा हातात घेईल.